पाझर कोणाच्या नावावर?

नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले की आमच्या विहिरीला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळते. कालवा आमच्या रानापासून दोन शेते सोडून वरच्या अंगाला आहे. पाटाचे पाणी त्या तुकड्याला जवळजवळ मिळतच नाही. चारीच्या शेवटाला असल्याने हक्क कागदावर आहे आणि पाणी वरच संपते. पण विहिरीच्या उत्तरेकडच्या भिंतीत, मुरमाच्या थरात, एक झरा आहे. अब्बा त्याला ‘अपना नल’ म्हणायचे. कालवा चालू असला की हा नळ वाहतो. बंद झाला की पंधरा-वीस दिवसांत त्याची धार करंगळीएवढी होते आणि मे महिन्यात नुसती ओल राहते. त्या झऱ्यावर पावणेदोन एकर डाळिंब, दोन म्हशी आणि घरच्या वापराचे पाणी एवढा सगळा संसार उभा आहे.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या अंथुर्ण्यात मुक्कामाला येते. त्या दिवशी आम्ही मोटार सकाळपासून चालू ठेवतो. वारकरी येतात, हातपाय धुतात, हंडे भरून नेतात. कुणी विचारत नाही पाणी कुठले आणि आम्हीही कधी विचार केला नव्हता. विहीर आमची, म्हणून पाणी आमचे, एवढाच हिशेब. अस्तरीकरणाचा विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले, की विहीर आमची असली तरी पाणी कालव्याचे आहे आणि ते आम्हाला देण्याचे कुणीच कबूल केलेले नाही.

गेल्या काही वर्षांत बारामतीच्या बाजूने नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाची कामे निघाली. अस्तरीकरण म्हणजे कालव्याला आतून काँक्रीटचे अस्तर लावणे. पाणी मुरू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरतात, वर काँक्रीट ओततात. लोक त्याला सरळ काँक्रिटीकरण म्हणतात. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. कारण एकच, विहिरी आटतील. समोरून उत्तरही एकच, टेलला पाणी पोचेल. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, म्हणजे कालव्याच्या खालच्या अर्ध्यात. म्हणून ही दोन्ही वाक्ये आमच्या एकाच घरात बोलली जातात.

माझ्या चाचांचे रान दुसऱ्या चारीवर, आमच्यापेक्षाही खाली आहे. कालव्यापासून लांब असल्याने त्यांच्या विहिरीला पाझर येत नाही. ते दर हंगामाला सात नंबरचा फॉर्म भरतात, पाटकऱ्याच्या मागे फिरतात आणि रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जातात. मागच्या ईदला जेवताना ते मला म्हणाले, “तुझ्या विहिरीत जे पाणी झिरपतं ना, ते माझ्या नावावर सुटलेलं असतं. तुला फुकट मिळतंय म्हणून गोड लागतंय.” मी गप्प बसलो. शिरखुर्मा पुढे होता म्हणून नव्हे, त्यांच्या बोलण्यात तथ्य होते म्हणून.

तेव्हापासून मी या विषयाची कागदपत्रे मिळतील तशी वाचतो आहे. मी इंजिनिअर नाही, वकील नाही. पण शेतकऱ्याला सातबारा वाचता येतो, तर करारही वाचता यायला हवा.

नीरा डावा कालवा ही दुष्काळाने दिलेली गोष्ट आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. त्यानंतर इंग्रज सरकारने हा कालवा काढला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. भाटघरचे जुने धरण त्या मागोमाग झाले आणि १९२८ च्या सुमारास त्याच्या जागी मोठे झाले. नंतर वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी आली. आज या चार धरणांची मिळून साठवण ४८.३३ टीएमसी आहे. त्यातले २३.५० एकट्या भाटघरचे, ११.७३ नीरा देवघरचे, ९.४१ वीरचे आणि ३.६९ गुंजवणीचे. नदीच्या उत्तरेला डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर करत येतो. दक्षिणेला उजवा कालवा फलटण, माळशिरसकडून पंढरपूर, सांगोल्याकडे जातो. भवानीनगर, वालचंदनगर ही नावे कालव्यावाचून जन्माला आली नसती. आमच्याकडचा ऊस, आमच्याकडचे राजकारण आणि आमच्याकडची भांडणे, तिन्ही याच पाण्यावर पोसलेली आहेत.

या पाण्याचे करार झाले. १९५४ च्या करारात डाव्या कालव्याला ४३ टक्के आणि उजव्याला ५७ टक्के पाणी ठरले. नीरा देवघरचे धरण झाले, पण त्याचे स्वतःचे कालवे अपुरे राहिले, तेव्हा तिथल्या पाण्याचा वाद उभा राहिला. २००७ मध्ये नवा करार होऊन ६० टक्के डाव्याला आणि ४० टक्के उजव्याला असे ठरले. त्याची मुदत ३ एप्रिल २०१७ रोजी संपली आणि पाणी मात्र तसेच चालू राहिले. जून २०१९ मध्ये तेव्हाच्या सरकारने ते वाटप बंद केले. बारामतीचे पाणी तोडले म्हणून इकडे ओरड झाली, आमचे पाणी परत मिळाले म्हणून फलटण-माळशिरसला पेढे वाटले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकार बदललेले होते, मग ५५-४५ असे नवे सूत्र आले. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत टक्क्यांचेच मथळे होते. हेडला किती, टेलला किती, डाव्याला किती, उजव्याला किती. धरणातून निघालेल्या पाण्याचे शंभर भाग करून सगळे वाटून झाले. वाटेत जमिनीत शिरणारे पाणी त्या शंभरात कुठेच नाही. ते ‘वहनव्यय’ नावाच्या रकान्यात जाते.

व्यय म्हणजे खर्च, नाश. आमच्या झऱ्याचे सरकारी नाव हे आहे.

गंमत अशी, की सरकारने हे पाणी नेहमीच वाया गेलेले मानलेले नाही. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा काढून पाहा. त्यात सोय होती, की कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आतल्या जमिनीला पाझराने किंवा गळतीने कालव्याच्या सरळ पाण्याइतका फायदा होत असेल, किंवा कालव्याला पाणी आल्यानंतर त्या अंतरात खोदलेल्या विहिरीत कालव्याचे पाणी उतरत असेल, तर कालवा अधिकारी त्या जमिनीवर पाणीपट्टी लावू शकेल. आणि ती पट्टी सरळ पाण्याच्या पट्टीइतकीही असू शकेल. पुढे १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा आला, त्यातही पाझराच्या पाण्याची दखल आहे. म्हणजे पैसे घ्यायची वेळ आली तेव्हा पाझर हा लाभ होता, मोजता येण्याजोगा होता आणि तो कुठल्या विहिरीत उतरतो हेही सरकारला ठाऊक होते. अस्तरीकरणाची वेळ आली तेव्हा तोच पाझर गळती झाला. ज्या गोष्टीची पट्टी लावता येते, ती गोष्ट काढून घेताना निदान नोंद तरी करायला नको का?

पाझर मोजता येत नाही, हे म्हणणेही खरे नाही. केंद्राच्या भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये जी पद्धत ठरवून दिली, तिच्यात कालव्यातून जमिनीत किती पाणी मुरते त्याचे आकडेच आहेत. थोडी चिकण आणि वाळू असलेल्या साध्या मातीत, अस्तर नसलेल्या कालव्याच्या दर दहा लाख चौरस मीटर ओल्या पृष्ठभागामागे सेकंदाला १.८ ते २.५ घनमीटर. अस्तर केलेला असेल तर याचा पाचवा हिस्सा धरायचा. मी घरी बसून हिशेब केला. कालव्याचा ओला घेर १२ मीटर धरला, तर एका किलोमीटरला दिवसाला साधारण १९ ते २६ लाख लिटर पाणी जमिनीत जाते. अस्तर झाल्यावर राहते ४ ते ५ लाख. आमच्या काळ्या मातीत आणि मुरमात आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण चार पंचमांश कमी होईल हे प्रमाण सरकारच्याच पद्धतीतले आहे. एक खाते याच पाण्याला ‘पुनर्भरण’ म्हणून जमेला धरते, दुसरे खाते ‘व्यय’ म्हणून नावे टाकते. दोन्ही खाती एकाच राज्याची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तर वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्या वह्या आणि अस्तरीकरणाचे अंदाजपत्रक एकदा एका टेबलावर यावीत, एवढेच हवे आहे.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर चाचा हा लेख वाचणार नाहीत.

पाझर सगळीकडे गोड नसतो. नीरा खोऱ्यात कालवा आल्यावर पंचवीस वर्षांच्या आतच जमिनी खारवू लागल्या होत्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक अहवालच लिहिला. खोलगट भाग, खाली पाणी न जाऊ देणारा थर, वरून कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले भरमसाट पाणी. पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते. आजही नीरेकडच्या उतरणीला अशी चोपण पट्टे आहेत. उन्हाळ्यात पांढरी फटक दिसतात, त्यावर लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. त्या शेतकऱ्याला जाऊन ‘पाझर वाचवा’ म्हणा, तो मारायला उठेल.

कालवा म्हातारा आहे, हेही खरेच. २५ मे २०२५ रोजी मॉन्सूनपूर्व पावसाने बारामती-इंदापुरात हाहाकार केला, तेव्हा पिंपळी-लिमटेकजवळ हाच डावा कालवा फुटला. पाणी घरांत शिरले, पालखी महामार्गावर आले. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या मातीच्या भरावाला खेकड्या-घुशींची बिळे, झाडांची मुळे, जुन्या मोऱ्या. जिथे भराव कमकुवत आहे तिथे पक्के काम करायला कुणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. माझाही नाही.

म्हणून माझा वाद काँक्रीटशी नाही. ते कुठे घालायचे, कुठे नाही, आणि घातल्यावर ज्याचे गेले त्याचे काय, हे ठरवायची जागा कुठली याच्याशी आहे. सध्या ती जागा एकच आहे, ठेकेदाराशी होणारा करार.

महाराष्ट्रात अशा कामांच्या निविदा बहुधा बी-१ नमुन्यात निघतात. जुना नमुना आहे, इंग्रजांच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वळणाचा. एका कार्यालयात मी अशा निविदेची प्रत मागायला गेलो. तीन फेऱ्या झाल्या, चौथ्या वेळी तिथल्या एका भल्या माणसाने “बसा इथंच, वाचून घ्या” म्हणून फाईल पुढे ठेवली. जाडजूड. मुदतीत काम झाले नाही तर दंड किती, सुरक्षा अनामत किती, सिमेंटच्या किती गोण्यांमागे किती चाचण्या, काँक्रीटचे ठोकळे किती दिवसांनी दाबून पाहायचे, दोष-दायित्वाचा काळ किती, गौण खनिजाची रॉयल्टी कोणी भरायची, मजुरांना पिण्याचे पाणी कोणी द्यायचे. प्रत्येक गोष्टीला कलम आहे. मजुरांच्या पिण्याच्या पाण्याला कलम आहे हे वाचून बरे वाटले. गावाच्या पिण्याच्या पाण्याला शोधले, सापडले नाही. ‘विहीर’ हा शब्द मला त्या फाईलमध्ये एकदाच दिसला, ठेकेदाराने बांधकामाला पाणी कुठून घ्यायचे त्या संदर्भात.

या नमुन्यातले ३८ क्रमांकाचे कलम महाराष्ट्रात एके काळी चांगलेच गाजले. ठरलेल्या परिमाणापेक्षा काम मर्यादेबाहेर वाढले, तर वाढीव कामाचा दर कसा द्यायचा ते त्यात असते. सिंचनावरच्या खर्चाचा गदारोळ झाला, नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालचे विशेष चौकशी पथक बसले आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या सगळ्या चर्चेत कलम ३८ पुन्हा पुन्हा आले, कारण खर्च फुगण्याची एक वाट तिथून जात होती. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की कराराचे एक कलम राज्याचे राजकारण हलवू शकते. मग कराराच्या एका कलमाने एक विहीर का वाचू नये?

बी-१ करारात काम मोजले जाते ते चौरस मीटर आणि घनमीटरमध्ये. ठेकेदाराला पैसे मिळतात घातलेल्या काँक्रीटचे. टेलला किती पाणी जास्त पोचले याचे नाहीत. म्हणजे ज्या चाचांसाठी हे काम असल्याचे सांगितले जाते, ते चाचाही या करारात नाहीत. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो, अनामत परत जाते आणि चाचा पूर्वीसारखेच बॅटरी घेऊन रात्री चारीवर उभे असतात, कारण वरच्या लोकांनी कालव्यात टाकलेले सायफनचे पाईप कुठल्याच निविदेने काढलेले नाहीत. काँक्रीटच्या काठावरून पाईप टाकणे उलट सोपे जाते, असे एका जुन्या पाटकऱ्याने मला हसत हसत सांगितले.

नवे धरण किंवा मोठा सिंचन प्रकल्प असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली अभ्यास होतो, जनसुनावणी होते. ती कशी होते हा वेगळा विषय, पण निदान मंडप पडतो, माईक लागतो, आपले नाव घालून अर्ज देता येतो. जुन्या कालव्याचे अस्तर ही दुरुस्ती ठरते. दुरुस्तीला सुनावणी नाही. भरावावरची बाभूळ, करंज, लिंब तोडायची तर लाकडाची किंमत होते, सावलीची होत नाही. जमिनीखालचे पाणी वळवणे ही दुरुस्ती कशी, हे मला अजून कुणी समजावून दिलेले नाही.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीला लागून ऑल अमेरिकन कॅनॉल नावाचा कालवा आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी तो कॅलिफोर्नियाच्या शेतीला नेतो. मातीचा होता तोवर त्याचा पाझर सरहद्दीखालून मेक्सिकोतल्या मेहिकालीच्या विहिरींना मिळत होता. तिथल्या शेतकऱ्यांनी साठ-पासष्ट वर्षे त्यावर शेती केली. मग अमेरिकेने ३७ किलोमीटर लांबीचा नवा काँक्रीटचा कालवा काढायचे ठरवले. वर्षाला ६७,७०० एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ३ टीएमसी पाणी त्यातून वाचणार होते आणि ते मुख्यतः सॅन डिएगो शहराला जाणार होते. मेहिकालीचे लोक आणि पर्यावरणवादी संघटना अमेरिकेच्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये कोर्टाने काम थांबवले. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एका कर-विधेयकातच कालव्याचे काम बिनविलंब करण्याची तरतूद घुसवली. २००७ मध्ये खटला निकालात निघाला आणि कालवा झाला.

दोन्ही देशांत १९४४ चा पाणीकरार होता. मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट नदीचे पाणी द्यायचे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. जमिनीखालच्या पाण्याबद्दल मात्र तो गप्प होता. अमेरिकेचे म्हणणे, तुमचे पंधरा लाख तुम्हाला मिळतात, पाझर कधीच तुमचा नव्हता. मेक्सिकोचे म्हणणे, साठ वर्षे जे वाहते ते आमचे झाले. माझे आणि चाचांचे भांडण, फक्त मध्ये सरहद्द. पुढे त्याच देशांनी त्याच कराराला पुरवण्या जोडल्या. २०१२ च्या पुरवणीनुसार २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या कोरड्या मुखाकडे मुद्दाम पाणी सोडण्यात आले, नदी जगावी म्हणून. म्हणजे कराराच्या मजकुरात पर्यावरणाला जागा करता येते. फक्त कुणीतरी ती ओळ लिहावी लागते.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना ही समज होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने औरंगाबादेत जी नहर काढली, ती धरणावर नव्हती, जमिनीतल्या पाझरावर होती. जमिनीखालचे झिरपलेले पाणी गोळा करून त्याने शहराला पाणी पाजले. त्याच्या दप्तरात पाझराला ‘व्यय’ म्हणत नसणार, असे मला उगाचच वाटते.

आणि इस्लामी कायद्यात एक शब्द आहे, हरीम. विहिरीचा हरीम म्हणजे तिच्याभोवतीची राखीव जागा. कुणी विहीर खोदली की तिच्याभोवती ठरावीक अंतरात, एका रिवायतीप्रमाणे चाळीस हातांत, दुसऱ्याने विहीर खोदून तिचे पाणी तोडायचे नाही. विहीर म्हणजे नुसता खड्डा नव्हे, तिला पाणी येण्याची वाटही विहिरीतच मोजायची, असा त्याचा अर्थ. पाटाच्या पाण्याबद्दलही मदीनेतला झुबैर आणि त्यांच्या शेजाऱ्याचा तंटा प्रसिद्ध आहे. वरच्याने आधी पाणी घ्यावे, पण मग खालच्याकडे सोडावे, असा पैगंबरांचा पहिला निवाडा होता. चाचांना मी हा किस्सा सांगितला तर ते म्हणाले, “म्हणजे मी बरोबर. सोडा आता खाली.” लहानपणापासून आम्हाला शिकवले आहे, की वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये. अस्तरीकरणवाल्यांचा मुद्दा तोच, वाया घालवू नका. प्रश्न वाया जाणे कशाला म्हणायचे एवढाच उरतो. शेजाऱ्याच्या आडात गेलेले पाणी वाया गेले का?

मला काय हवे आहे ते सांगतो. काम निघण्याआधी कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची, बोअरची आणि गावांच्या नळपाणी योजनेच्या उद्भवांची मोजणी व्हावी, कालवा चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. कायद्याने एके काळी दोनशे यार्ड धरलेच होते, तिथून सुरुवात करा. ही मोजणी निविदेचा भाग असावी, तिचे वेगळे परिमाण असावे, वेगळे पैसे असावेत. ठेकेदाराला पैसे मिळणार असतील तर मोजणी होईल, नाहीतर नुसत्या सूचनेवर होत नाही. जिथे भराव धोक्याचा आहे किंवा खाली चोपण जमीन आहे, तिथे अस्तर करा, आणि चोपण पट्ट्यांत नुसते अस्तर नको, पाणी निचरायला चरही काढा. जिथे कालवा खोदाईत आहे आणि खाली विहिरींवर जगणारी शिवारे आहेत, तिथे तळ मोकळा ठेवा. दोष-दायित्वाच्या काळात काँक्रीटला तडा गेला तर ठेकेदार भरून देतो. त्याच काळात विहिरीची पातळी मोजलेल्या रेषेखाली गेली, तर खात्याने त्या शिवाराला आवर्तनातून मोजून पाणी द्यावे, असेही कलम असावे.

आणि टेलला जे पाणी वाढेल ते टेलच्या पाणीवापर संस्थेच्या करारात आकड्याने लिहून द्यावे. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांशी घनमापनाने पाणी देण्याचा करार करण्याची सोय आहेच. ‘टेलपर्यंत पाणी’ हे घोषणेतले वाक्य, ते करारात यायला पाहिजे. चाचांना मी हा मुद्दा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसले. त्यांच्या नावावरचे पाणी त्यांना मिळावे आणि माझा झरा काही न सांगता बंद होऊ नये, या दोन मागण्या एकाच कागदावर लिहिता येतात, हे आम्हा दोघांनाही तोवर सुचले नव्हते. ते म्हणाले, “कागद तू लिही. सह्या मी आणतो.” टेलवर त्यांचे वजन आहे.

मोजणी सरकार करेल तेव्हा करेल. आम्ही सुरुवात केली आहे. अब्बांच्या वेळची एक सुंभाची दोरी होती, तिला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि टोकाला वजन म्हणून जुन्या मोटारीचा नट बांधला. दर शुक्रवारी नमाजनंतर मी ती विहिरीत सोडतो आणि वहीत तारीख, गाठी, कालवा चालू की बंद, एवढे लिहितो. शेजारच्या तात्यांनी पाहिले, हसले आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या विहिरीला माझीच दोरी मागून नेली. आता कालव्याच्या खालच्या अंगाच्या अकरा विहिरी वहीत आहेत. चाचांचीही बारावी म्हणून घातली आहे. तिला पाझर येत नाही, पण तेही लिहून ठेवायला हवे.

काल आमच्या विहिरीत पाणी सव्वीस गाठींवर होते. आवर्तन अजून सुटलेले नाही.